प्रभूच्या कामाला नाही कसं म्हणायचं?

“मॅडम, ऑफिसच्या कामाला एक वेळ नाही म्हणता येतं. प्रभूच्या कामाला कसं म्हणू?” ठाण्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून, त्यातही बायकांकडून, हा प्रश्न मला नेहमी येतो. इथे सांगते ती अशाच एका ताईंची गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई कळव्याच्या. ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला बँकेत जायच्या. गाडीत बसायला मिळालं की चर्चच्या ग्रुपवरचे मेसेज निपटायच्या. महिला मंडळाच्या चिटणीस, संडे स्कूलच्या शिक्षिका, गायनवृंदात, शिवाय कापणीच्या सणाच्या समितीत. घरी दहावीतली मुलगी आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. “चिडचिड होते. प्रार्थनेला बसले की डुलकी लागते. वेळेचं नियोजन शिकवा,” म्हणाल्या.

नियोजन त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. म्हणून मी त्यांना आठवडा ठरवायला नाही, जसा जाईल तसा वहीत उतरवायला सांगितलं. वही आली. चर्चचं काम लाल पेनाने, बँकेचं निळ्याने. गुरुवारच्या पानावर लाल अक्षरात ‘७ ते ९ गायनाचा सराव’. त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘आईंचे थेंब – मुलीने घातले’. जिथे जिथे लाल शाई, तिथे तिथे खाली ही पेन्सिल. पोरीची पूर्वपरीक्षा चालू होती.

“हे प्रभूचं काम नाही का? मग लाल पेनाने का नाही लिहिलं?” मी विचारलं.

ताईंना ते आवडलं नाही. “ते घरचं आहे हो. ते चालतंच.”

उपदेश करणं हा माझा प्रांत नाही. त्यासाठी पाळकसाहेब आहेत. पण ताईंची अडचणच श्रद्धेची होती, म्हणून बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय त्यांनाच वाचायला लावला. आईवडिलांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलंय’ म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू तिथे चांगलंच सुनावतो. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग पहिल्या अध्यायाकडे वळलो. कफर्णहूमात सगळे येशूला शोधताहेत, त्याचा शिष्य शिमोन तसं सांगायलाही येतो, आणि येशू म्हणतो, चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. शोधणाऱ्यांची गरज काही खोटी नव्हती. तरी तो निघाला. अपराधी वाटून होकार देत सुटणाऱ्यांना मी हा प्रसंग हटकून वाचायला सांगते.

पुढचं काम व्यवहाराचं होतं. बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने लोकांचा न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला, म्हणजे इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याला, त्याचा सासरा इथ्रो सांगतो: असा थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. (सासऱ्याचा सल्ला मुकाट ऐकणारा जावई, हेही विशेषच.) आम्ही ठरवलं की कोणी काम सांगितलं तर जागच्या जागी ‘हो’ म्हणायचं नाही, ‘घरी विचारून उद्या सांगते’ म्हणायचं. नवं काम घेतलं तर जुनं एक सोडायचं, आणि सोडताना ते कोणाकडे देणार हे नावानिशी सांगायचं. रात्रीचे थेंब ताईंनीच घालायचे. झोपेचंही नीट विचारून घेतलं. उदासी, झोप उडणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळत असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच पाठवावं लागतं. ताईंचं तसं नव्हतं. त्या फक्त दमल्या होत्या.

संडे स्कूल त्यांनी ठेवलं, कारण तिथून त्या ताज्यातवान्या होऊन येत. सणाची समिती सोडली. चिटणीसपद वार्षिक सभेत मंडळातल्या एका तरुण सुनेकडे गेलं. तिने पहिल्याच बैठकीचा वृत्तांत अर्धवट लिहिला आणि अध्यक्षबाईंनी ताईंना फोन करून बोल लावले: “तुमचा विश्वास थंडावलाय.” ताई रडल्या, पण वृत्तांत स्वतः लिहून द्यायला गेल्या नाहीत. कसा लिहायचा ते सुनेला घरी बोलावून दाखवलं. गायनवृंदाचं अजून ठरत नाहीये. आवाज चांगला आहे, सोडवत नाही म्हणतात. मीही घाई करत नाही.