बाप्तिस्म्याचं वचन देताना मी खोटं बोलेन का?

‘ताई, माझा नवरा दर रविवारी चर्चला जातो, गायकवृंदात गातो. मी जाते ती नाताळला आणि ईस्टरला. रात्री झोपताना प्रार्थना करते, पण निकेयाचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणतात ती विश्वासाची कबुली, म्हणताना काही वाक्यांवर ओठ अडतात. आता बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय. याला विश्वासात वाढवू, असं सगळ्यांसमोर वचन द्यायचंय. सासूबाई मला “नाताळापुरती ख्रिस्ती” म्हणतात. मी ढोंगी आहे का?’ – एक आई

ढोंगी असतीस तर बाळाचा पांढरा झबला शिवायला टाकून मोकळी झाली असतीस. मला पत्र लिहीत बसली नसतीस.

सासूबाईंचा टोमणा काही आजचा नाही. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेला, म्हणजे चर्चच्या धर्मसभेला, नियमच करावा लागला, की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापकबुली द्यावी आणि ईस्टरला तरी ख्रिस्तप्रसाद घ्यावा. लोक आपणहून करत असते, तर नियम कशाला लागला असता? आणि ज्या मतांगीकारावर तुझे ओठ अडतात, त्याचं मूळ 325 सालच्या निकेयाच्या परिषदेत आहे. ती बोलावणाऱ्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा स्वतःचाच बाप्तिस्मा तोवर झाला नव्हता! तो झाला 337 मध्ये, मरणाच्या दारात.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली. कित्येक वर्षं आपल्याला देव जाणवत नाही, हे त्यांनी त्यांत लिहिलं होतं, आणि तरी काम सोडलं नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप एका दमात म्हणतो, की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाचं तूच काहीतरी कर. त्याला कुणी परत पाठवलं नाही.

पण एक गोष्ट तुला टोचेल. देव घरीही भेटतो, हे खरं. मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, मात्र घरी भेटत नाही. माणूस दवाखान्यात पडला की डबा घेऊन येतात ते रविवारी शेजारच्या बाकावर बसणारे. तू विश्वासाचा हिशेब मांडलास, पण या माणसांबद्दल पत्रात एक ओळही नाही. त्यांची उणीव तुला खरंच भासत नाही का? याचं उत्तर मला नको, नवऱ्याला दे. हे सगळं त्याला सांगितल्याचंही पत्रात दिसत नाही मला.

मग दोघं मिळून चर्चच्या पाळकांना भेटा. वचनाचा मजकूर आधीच मागून घ्या आणि घरी मोठ्याने वाचा. अनेक उपासनाविधींत आईवडिलांच्या उत्तरात ‘देवाच्या साहाय्याने’ हे शब्द असतात. ‘मला सगळं पटलंय’ असं तिथे कुणी म्हणायला लावत नाही. तेवढंही जड वाटलं तर तसं स्पष्ट सांग. काही मंडळ्यांत बाळाचं फक्त समर्पण करतात, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवतात, आणि बाप्तिस्मा त्याला कळू लागल्यावर. तुमच्याकडे ती सोय आहे का, ते पाळकच सांगतील.

जाताना बाळाला घेऊन जा. भेट फार लांबणार नाही, याची काळजी तेच घेईल.