वाचक विचारतात: हलकी वेगवान गोळी की जड संथ गोळी?

प्रश्न: काका, नमस्कार. मी कराडची. कॉलेजला आहे आणि .२२ स्पोर्ट पिस्तूल चालवते. शेतावरच्या वस्तीसाठी आमच्या पप्पांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. ते म्हणतात, गोळी जडच हवी, बारक्या गोळीत दम नसतो. मी ५.७ बाय २८ मिमी काडतुसाबद्दल वाचलं. गोळी नेहमीच्या ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीपेक्षा बारीक, पण वेग जवळजवळ दुप्पट. आमच्यात कोण बरोबर?

उत्तर: पोरी, मी फौजेत आर्मरर होतो. तेवीस वर्षं हत्यारं उघडली-जोडली, बेळगावच्या रेंजवर रंगरुटांच्या मागे उभा राहिलो, आणि आता अपशिंग्यात शेती बघतो. पप्पांचा समज आमच्या गावातही घरोघरी ऐकायला मिळतो. वजनाला किंमत आहेच, पण एकट्या वजनाला नाही.

पप्पांच्या .३२ ची गोळी साधारण ६.३ ग्रॅमची. ती सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. ५.७ ची गोळी २ ग्रॅमची आणि पिस्तुलातून तिचा वेग सुमारे ६५०. वजन किलोत धरून गुणिले वेग करून बघ. दोन्हींचा संवेग १.३ च्या घरातच येतो, आणि हाताला बसणारा धक्का मुख्यतः त्यावरच ठरतो. ऊर्जेत मात्र वेगाचा वर्ग धरावा लागतो. म्हणून .३२ दीडशे ज्यूलला अडते आणि ५.७ चारशेच्या वर जाते. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी ३५० ने निघाली तर ऊर्जा ४९० ज्यूल, पण संवेग २.८. हाताला दुपटीहून जास्त. दारूच्या वायूचाही धक्का असतो आणि ५.७ मध्ये तो .३२ पेक्षा जास्त, तरी ९ मिमीच्या मानाने हात शांतच राहतो.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून मी गोफण मारलेली आहे. मोठा धोंडा घातला की खांदा ओढला जायचा आणि धोंडा थव्याच्या अलीकडेच पडायचा. सुपारीएवढा खडा मात्र सरळ जायचा, आणि लगेच दुसरा भरता यायचा.

हलक्या गोळीचा खरा फायदा मला इथेच दिसतो. रंगरुटाच्या मॅगझिनमध्ये आम्ही त्याला न सांगता एखादा ड्रिल राउंड, म्हणजे न उडणारं नकली काडतूस, मिसळायचो. चाप ओढला, आवाज झालाच नाही, तरी नळी खाली झुकायची. धक्का येणार म्हणून मनगट आधीच दचकलेलं असायचं. धिप्पाड, पैलवानकी केलेली पोरंसुद्धा यात सापडायची. अशा चुकलेल्या गोळीची ऊर्जा किती होती हे विचारून काय उपयोग? धक्का कमी असला की मनगट दचकत नाही आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. शिवाय ५.७ चं काडतूस सहा ग्रॅमच्या आसपास, ९ मिमीचं त्याच्या दुप्पट. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या फाइव्ह-सेव्हन पिस्तुलात वीस राउंड बसतात ते काडतूस बारीक असल्यामुळेच.

आता तुझी बाजू जिथे लंगडी पडते ते सांगतो. शंभर मीटरवर ९ मिमीची गोळी जवळपास अर्धा मीटर खाली येते, ५.७ ची वीस सेंटिमीटरच्या आत. पण पंचवीस मीटरवर हा फरक दोन सेंटिमीटरसुद्धा नसतो आणि प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या, टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळच पाच सेंटिमीटरचं आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनी पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं ते .२२ नेच. पुरुषांच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात तर कसलेले नेमबाज सपाट तोंडाची, संथ .३२ मुद्दाम निवडतात. वेग म्हणजे अचूकता नव्हे.

दुसरं, आवाज. ५.७ चा दाब ३४५ मेगापास्कलपर्यंत जातो, ९ मिमीचा २३५. आखूड नळीत दारू पुरती जळत नाही, मग तोंडाशी मोठी ज्वाळा आणि कानठळ्या. प्रत्येक वेगवान काडतूस मऊ असतं असंही समजू नकोस. १९३० चं रशियन टोकारेव्ह ७.६२ बाय २५ घे. साडेपाच ग्रॅमची गोळी, वेग ४३० च्या आसपास, संवेग २.४. ते हाताला चांगलंच जाणवतं.

ही नवी काडतुसं ज्या गरजेतून आली ती तुमच्या वस्तीवरची नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी नाटोला ९ मिमीच्या जागी चिलखती जाकीट भेदणारं काही हवं होतं. आपल्या पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने ५.५६ बाय ३० ची कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, केली तीही फौज-पोलिसांसाठी. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येते, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही. साध्या परवान्यावर व्यवहारात .३२ आणि .२२ यांचाच विचार करावा, आणि मी तर म्हणेन, ज्याच्यावर सराव होतो तेच हत्यार बरं. कपाटात ठेवलेल्या .३२ पेक्षा तू आठवड्याला चालवतेस ती .२२ मला जास्त भरवशाची वाटते.

पप्पांना एकदा तुझ्या रेंजवर ने. रेंज ऑफिसरला सांगून त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चार काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या भरायला लाव, चक्रीच्या कोणत्या घरात काय आहे ते त्यांना कळू न देता. कानाला मफ लाव, मागे उभी राहा, आणि पुंगळीवर घोडा पडेल तेव्हा नळी कुठे जाते ते बघ. मग मला कळव.