पाळीच्या आठ दिवस आधी चिडचिड, रडू, अंग जड, यावर काही इलाज आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळी जवळ आली की आठ दिवस चिडचिड, रडू, छाती जड, आणि घरचे म्हणतात तुझा स्वभावच तसलाय. इलाज आहे. मी माजलगावची, वय ३८, डॉक्टर नाही, पण हे दहा वर्षं भोगलंय म्हणून लिहितेय.

पहिलं काम फुकटचं. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो ना तसंच रोज मांडायचं, रडू आलं तर र, चिडचिड झाली तर चि, पाळीच्या दिवसाला गोल, असे दोन महिने. त्रास पाळीच्या आधीच येतोय आणि पाळी सुरू झाली की तीन-चार दिवसांत उतरतोय तर तो पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा त्रास. महिनाभर तसंच वाटत असलं तर आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन बघा, नैराश्य तर नाही ना तेही दाखवा. सासूबाईंनी मला विचारलं हे चि काय गं, मी म्हणलं चिंच आणायचीय.

मला कॅल्शियमनं फरक पडला. खाण्यातलं आणि गोळीचं धरून दिवसाला १२०० मिलीग्रॅमच्या आसपास, पण दोन-तीन महिने धीर धरा आणि रक्तवाढीची गोळी त्याच वेळेला घेऊ नका, मधी अंतर ठेवा. भाकरीसोबत तिळाची चटणी चालू ठेवा. बी६ जीवनसत्त्व पण देतात, पण जास्त डोस लई दिवस घेतला तर हातापायाला मुंग्या येतात, त्यामुळं मनानं वाढवू नका. रोज चालायचं. चहा कमी करा म्हणतात, ते काही मला जमलं नाही.

एवढ्यानं नाही भागलं तर फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन असल्या नैराश्यावरच्या गोळ्या असतात. जाऊबाई म्हणल्या वेड्याची गोळी, तसं काही नाही. नैराश्यात त्यांना काही आठवडे लागतात, इथं मात्र काही दिवसांतच फरक दिसतो, म्हणून काही जणींना फक्त पाळीच्या आधीचे १४ दिवस देतात. ड्रॉस्पिरेनोन नावाचं हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पण चालतात, पण बीपी किंवा डोळ्यापुढं चमकून येणारी अर्धशिशी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. आणि त्या दिवसांत जगूच नये असं वाटायला लागलं तर थांबू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे.

आता गर्भपिशवीचं. मला ३२ व्या वर्षी एका दवाखान्यात म्हणले, दोन लेकरं झालीत ना, काढून टाका, कटकट मिटंल. आपल्या बीडात २०१९ ला ऊसतोड बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांत १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पण पीएमएस पिशवीमुळं होतच नाही, हार्मोनची चढउतार होते अंडाशयात. नुसती पिशवी काढली तर रक्त थांबतं, चिडचिड तशीच राहती, आणि अंडाशयंही काढली तर कमी वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मी फाईल उचलली आणि पुढची एसटी धरली.