प्रश्नोत्तरे : मोठा मासा, जिग आणि बादलीत उरलेलं आमिष

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे : 'गोड्या पाण्यातला मोठा मासा लागायला कोणता जिग घेऊ?' (जिग म्हणजे धातूचं वजन जोडलेला गळ, पाण्यात वर-खाली खेचून लहान माशाचं सोंग आणणारं खोटं आमिष.) पाणी कुठलं, महिना कुठला, मासा कोणता, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ते कळल्याशिवाय जिगचं नाव सांगणं म्हणजे रोगी न बघता औषध लिहून देणं. म्हणून आज एकत्रच उत्तरं देतो. मात्र एक प्रश्न थांबण्यासारखा नाही, तो आधी घेतो.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी गळावरून शिंगाळा काढताना त्याचा काटा तळहातात घुसला. हळद लावली आहे. सूज मनगटापर्यंत आली आहे. अजून किती दिवस वाट पाहू? (दिवा)

एक तासही नाही. हे वाचत असाल तर आधी डॉक्टरकडे जा.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा, तसंच मांगुराचा कल्ल्यांजवळचा काटा दातेरी असतो. तो आत जाताना सहज जातो, पण बाहेर येताना फाडत येतो आणि कधी कधी त्याचं टोक आतच मोडून राहतं. नदीच्या पाण्यातले जंतू जखमेत खोलवर गेलेले असतात. हळदीने वरचं भोक बुजतं, आतला पू तसाच राहतो. डॉक्टरांना 'गोड्या पाण्यातल्या माशाचा काटा' असं स्पष्ट सांगा, एक्स-रे लागेल का ते विचारा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून जा. चार दिवस घरी काढायला नको होते.

प्रश्न : दुकानदाराने 'मोठ्या माशांचा सेट' म्हणून 32 जिगचं पाकीट दिलं, अठराशे रुपयांना. बदलापूरकडच्या धरणावर तीन रविवार घालवले. कटला डोळ्यांसमोर उड्या मारतो, पण जिगला तोंड लावत नाही. (कोपरी, ठाणे)

कटल्याचं तोंड बघितलंत? खालचा जबडा पुढे, तोंड वरच्या बाजूला उघडणारं. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि कल्ल्यांतल्या दाट चाळणीतून बारीक जीव गाळून खातो. कुणाच्या मागे धावून शिकार करणं हा त्याचा स्वभावच नाही. मग लहान माशाचं सोंग घेतलेला जिग तो कशाला धरेल? रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, पण शिकारी तेही नाहीत. या तिघांसाठी कणकेचा गोळा, भिजवलेली पेंड, पाव हेच आमिष. कधी तरी जिगचा गळ कटल्याच्या अंगात अडकतो. त्याला मासा लागला म्हणत नाहीत, तो जखमी झाला म्हणतात.

जिग शिकाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात असे मासे म्हणजे शिवडा, शिंगाळा, मरळ, महाशीर, आणि खाडीकडून वर चढणारा जिताडा. दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याने विकू नये, आणि माहीत असूनही कटल्यासाठी म्हणून विकलं असेल तर पाकीट परत करा आणि पैसे मागा. बत्तीस जिगची गरज कुणालाच नसते. तीन वजनं आणि दोन आकार एवढ्यात वर्ष निघतं.

शिवाय तुम्ही धरणावर परवानगी घेतली होती का, ते लिहिलेलं नाही. आपल्या बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. त्या पाण्यात माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडण्याचा खर्च त्यांनी केलेला असतो. आधी संस्थेला विचारा, धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयालाही विचारा. तानसा तर अभयारण्यात येतो, तिथे गळ घेऊन जाऊच नका.

प्रश्न : रंग कोणता? सगळे लाल म्हणतात. (ऐरोली)

स्वच्छ पाण्यात लाल रंग थोड्याच खोलीवर काळपट दिसू लागतो. गढूळ पाण्यात रंगापेक्षा थरथर महत्त्वाची, कारण मासा ती अंगाच्या कडेवरच्या, कंप जाणणाऱ्या रेषेने ओळखतो. निवळ पाण्यात तिथल्याच लहान माशासारखा चंदेरी-करडा, गढुळात गडद आणि शेपूट हलणारा. यापलीकडे रंगावर पैसे घालू नका.

प्रश्न : पौर्णिमेला मासा जास्त लागतो हे खरं का? (कळवा)

खाडीत भरती-ओहोटीमुळे फरक पडतो, पण धरणात चंद्र बघण्यापेक्षा पाण्याची पातळी चढते आहे की उतरते आहे ते चौकीदाराला विचारा.

प्रश्न : मे महिन्यात होडीतून साठ फूट खोल पाण्यात तळाला टेकवून जिगिंग केलं. दिवसभरात एक झटकाही नाही. 'मोठा मासा तळाला असतो' असं सगळीकडे ऐकलं होतं. (बदलापूर)

हे ऐकीव वाक्य किती लोकांचे रविवार खातं! उन्हाळ्यात खोल धरणात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तरंगत राहतं. खालचं पाणी गार आणि जड. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी पाला, गाळ कुजत असतो आणि कुजताना प्राणवायू संपवतो. वरून नवा प्राणवायू उतरत नाही. मग तळाला मासा राहणार कसा? त्याला श्वास घ्यायचा आहे. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मिसळतात, तेव्हा तळाची गोष्ट वेगळी.

म्हणून एप्रिल-मेमध्ये एकदम तळ गाठू नका. दोरीवर दर दोन मीटरला खूण करा आणि वरून खाली एकेक टप्पा तपासत जा. बुडालेल्या झाडांच्या, जुन्या बांधांच्या, नदीच्या मूळ पात्राच्या कडा शोधा. शिकारी तिथे दबा धरतात. जिग वर खेचल्यावर सैल सोडून देऊ नका, दोरीत हलका ताण ठेवून पडू द्या, कारण मासा बहुतेक वेळा पडता जिग धरतो आणि ढिल्या दोरीत तो झटका तुम्हाला कळतच नाही. आणि सगळ्यात सोपा उपाय : संस्थेच्या जाळेवाल्यांना विचारा की या आठवड्यात जाळं किती हात खोल लावलं होतं. त्यांना पाणी रोज कळतं.

प्रश्न : जिगचं वजन किती? (घणसोली)

तळ लागल्याचं बोटांना कळेल इतकं, त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही. साचलेल्या उथळ पाण्यात 7 ते 14 ग्रॅम पुरतात, वाहत्या पाण्यात वाढवा. जमलं तर शिशाऐवजी टंगस्टन घ्या. शिशाची घनता 11.3, टंगस्टनची 19.3, म्हणजे तेवढ्याच वजनाचा जिग लहान होतो. महाग आहे, पण तुटून तळाशी राहिलेलं शिसं पाणपक्षी खडा समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने गळाच्या शिशाच्या बहुतेक वजनांवर 1987 सालीच बंदी आणली.

प्रश्न : जिगवर मारायचा सुगंधी स्प्रे सहाशे रुपयांना मिळतो. मोठ्या शिवड्यासाठी घ्यावा का? (पनवेल)

नको. शिवड्याच्या लांब मिशा चव ओळखतात हे खरं, पण त्यासाठी बाटली लागत नाही. जिगच्या गळाला गांडुळाचा तुकडा, सोललेलं चिंगळं किंवा त्याच पाण्यातल्या मेलेल्या मळ्या माशाची पट्टी लावा. तुकडा लहान ठेवा, नाहीतर जिग नीट पडत नाही.

प्रश्न : जिगला कंटाळून जिवंत आमिष वापरायला लागलो. बाजारातून मांगूर आणि चिलापीची पिल्लं बादलीत नेतो. गेल्या वेळी वीसेक उरली. मारायला जिवावर आलं, म्हणून घरी परतताना जवळच्या तलावात सोडली. पुण्यच लागेल ना? (वर्तकनगर, ठाणे)

तुमचा हेतू दयेचा होता, हे मला मान्य आहे. पण या एका गोष्टीसाठी मी गेली कित्येक वर्षं भांडतो आहे, तेव्हा सविस्तर ऐका.

बाजारात स्वस्तात मिळणारी मांगुराची पिल्लं देशी मांगुराची असण्याची शक्यता कमी. बहुतेक ती आफ्रिकन मांगुराची असतात, ज्याला थाई मांगूर म्हणून विकतात. हा मासा पाळायला आणि विकायला देशात 2000 सालापासून बंदी आहे. तो लहान मासे खातो, अंडी खातो, बेडूक खातो. हवेतून श्वास घेतो, म्हणून घाण पाण्यात, जवळजवळ आटलेल्या डबक्यातही तगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत पुढच्या पाण्यात जातो. एकदा तलावात शिरला की त्याला बाहेर काढणं जवळपास अशक्य.

चिलापीचं तसंच. 1952 साली ती भारतात आणली ती अन्न म्हणून. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून ती जगण्याचं प्रमाण जास्त, आणि वर्षातून अनेकदा वीण. थोड्याच काळात तलाव तळहाताएवढ्या चिलाप्यांनी भरतो. त्या एकमेकांचंच खाणं ओढतात, म्हणून त्यांतलीही मोठी कुणी होत नाही. तुम्ही सगळे मला मोठा मासा कसा लागेल ते विचारता. मोठा मासा नाहीसा होण्याचा हा एक रस्ता आहे आणि तो तुमच्या बादलीतून जातो.

मी टिटवाळ्याच्या बाजूला वाढलो. आमच्या गावाबाहेर एक तळं होतं. पहिल्या पावसात काळू नदीतून वलगणीचे मासे ओढ्याने चढून त्यात यायचे. मरळ होती, मळ्या होता, वाम होती. कुणीतरी चिलापी सोडली. मी नोकरीला लागेपर्यंत त्या तळ्यात गळाला दुसरं काही लागेनासं झालं. आजही मी त्या बांधावर उभा राहतो तेव्हा पाण्यात फक्त चिलापीची गोल घरटी दिसतात, आणि वाईट वाटतं.

तिसरं, रोग. एका पाण्यातला मासा, त्याच्या अंगावरची माशांची ऊ आणि बादलीतलं पाणी, हे सगळं दुसऱ्या पाण्यात जातं. संस्थेने सोडलेल्या कटला-रोहूच्या बीजाला ते महागात पडतं. मत्स्यालयातला काचा साफ करणारा सकर मासाही असाच 'सोडून दिल्याने' देशातल्या अनेक नद्या-तलावांत पोहोचला आहे.

तेव्हा नियम असा. आमिष त्याच पाण्यातलं, आणि मेलेलं. उरलं तर तिथेच कोरड्या जमिनीत पुरा. बादली पाण्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर रिकामी करा आणि घरी जाऊन वाळवा. खरं म्हणजे जिगचा सगळ्यात मोठा गुण हाच, की त्याला जिवंत आमिष लागत नाही. तुम्ही कंटाळून जे सोडलंत, तेच धरायला हवं होतं.

आणि आता लपवू नका. कोणत्या तलावात, कोणत्या दिवशी, साधारण किती पिल्लं सोडली, हे महापालिकेला आणि ठाण्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला लेखी कळवा. पिल्लांचा फोटो असेल तर सोबत द्या. ओळख पटवणं तज्ज्ञाचं काम आहे, मीही पत्रावरून पटवू शकत नाही. जितक्या लवकर कळवाल तितका जाळं टाकून काही हाती लागण्याचा संभव जास्त.

प्रश्न : शेततळ्यात पाणवनस्पती खूप आहेत. मरळीसाठी जिग दर वेळी अडकतो. (कर्जत रस्ता, पनवेल)

मरळ हवेत श्वास घेते, म्हणून ती वर येतेच. जिग खाली कशाला पाठवता? मऊ रबरी बेडूक घ्या, ज्याचा गळ पाठीला दाबून बसतो, आणि पानांवरून थांबत-थांबत ओढा. एक गोष्ट मात्र पाळा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात. भूक नसतानाही ते बेडकावर धावून येतात, कारण त्यांना तो शत्रू वाटतो. त्यांना उचललंत की तो पुंजका थोड्याच वेळात इतर मासे फस्त करतात. शेततळ्याच्या मालकालाही हे सांगा.

प्रश्न : महाशीर कुठे मिळेल? (खारघर)

माझ्याकडून जागा कळणार नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याचं बीज तयार करण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे, आणि महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत गावकरी देवाचे मासे म्हणून त्यांना हात लावत नाहीत. ते बघायला जा. गळ घरी ठेवा.

प्रश्न : वाशीच्या खाडीत आठ-दहा किलोचा जिताडा जिगवर लागतो म्हणतात. कोणता जिग आणि कुठली भरती? (सानपाडा)

जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुम्ही विचारता त्या आकाराचे जिताडे बहुतेक सगळे माद्या. पिल्लं निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालायला त्यांना खाऱ्या पाण्याकडेच जावं लागतं. असा जिताडा लागला तर लवकर सोडता यावा म्हणून तीन टोकांऐवजी एकच गळ ठेवा, आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा लवकर सुटतो, आणि हाच गळ तुमच्या बोटात गेला तर तोही सहज निघतो. दोन-अडीच किलोचा घरी न्यायला हरकत नाही, पण त्या पाण्यातला मासा नेहमी खाणं योग्य का, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर, हे आधी डॉक्टरांना विचारा.

भरतीची वेळ सांगण्याआधी जागा कळायला हवी. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि हद्द पाण्यावर आखलेली दिसत नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या कार्यालयात नकाशा बघा, तुमची जागा हद्दीबाहेर आहे याची खात्री करा आणि मग मला जागेचं नाव कळवा. सोबत तिथली खोली आणि तळ चिखलाचा आहे की खडकाचा, तेही लिहा.