मॅडमची कार्डं आणि जिन्याखालची जागा

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपाल मॅडम मागच्या वर्षी गेल्या. आता लायब्ररीने जिन्याखालची जागा देऊ केलीय, त्यांच्या आठवणीत कायमचं प्रदर्शन दालन करा म्हणून. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकाचं म्हणणं अर्धपुतळा बसवू, दुसऱ्याचं म्हणणं त्यांची सगळी कागदपत्रं लॅमिनेट करून भिंतभर लावू. काय करावं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी लॅमिनेशनवाल्याला थांबवा बाई! ते प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद खराब न करता निघत नाही, आणि सेलोटेपचंही तेच, काही वर्षांत पिवळे डाग. मूळ कागद अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे कागद पिवळा न पाडणाऱ्या, फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवा आणि भिंतीवर चांगल्या कलर कॉप्या लावा, कोणाला फरक कळतसुद्धा नाही. एखादी मूळ वस्तू मांडायचीच असेल तर उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, ऊन अजिबात नको, आणि दोनतीन महिन्यांनी ती बदलायची. जिन्याखाली म्हणताय म्हणून सांगते, जुलैत भिंतीला हात लावून बघा, आपल्याकडे ओल तिथेच धरते आणि मग कसर आलीच.

पुतळ्याला माझा विरोध नाही, पण त्याला हार घालून झाला की पुढे काय? आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन घ्या, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पुस्तकं वापरासाठी असतात हा त्यांचा पहिला नियम, आणि आयुष्याची बचत, लाखभर रुपये, त्यांनी त्याच विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन सुरू करायला दिले, तेही स्वतःच्या नाही, बायकोच्या नावाने. मॅडमची आठवणही अशी वापरातलीच हवी.

तुमच्या मॅडमनी हाताने लिहिलेली कॅटलॉग कार्डं, म्हणजे पुस्तक शोधायला केलेली नोंदीची कार्डं, कुठेतरी पडून असतील बघा, खाली मधोमध भोक असलेली, ड्रॉवरमधली सळई त्यातूनच जायची. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, तो ड्रॉवर काढा. एक कार्ड मोठं करून लावा आणि आकडा, लेखक, दाखल क्रमांक (पुस्तक लायब्ररीत आल्यावर मिळणारा नोंदीचा नंबर) यातलं काय कशासाठी लिहिलंय ते शेजारी सांगा, आजच्या पोरांनी कार्ड बघितलेलंच नाहीये. मग त्या कार्डावरचंच पुस्तक खाली टेबलावर ठेवा, काचेत नाही हं, उघडून वाचता येईल असं. दर सत्राला कार्ड कुठलं लावायचं ते मुलांनी ठरवावं.

आणि लायब्ररीतले जुने शिपाईकाका अजून असतील तर ड्रॉवर कुठे गेले ते आधी त्यांना विचारा, ऑफिसात फेऱ्या मारू नका.