प्लॉट सहा की पानं एकशेवीस?

प्रश्न : कपाशीत ठिबक आणि कोरडवाहू अशी तुलना केली. दोन्हीकडे ६-६ प्लॉट, प्लॉटमागे ५ झाडं, झाडामागे ४ पानं. स्पॅड मीटरनं पानांची हिरवाई मोजली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२० नोंदी. कोरडवाहूचे आकडे फार पसरलेत. लेव्हीन चाचणीही दोन्ही बाजूंचा व्हेरियन्स (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) असमान असल्याचं सांगते. वेल्चची टी-चाचणी, म्हणजे पसारा असमान असतानाही दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी, लावली तर चालेल का?
– कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, परभणी

उत्तर : चाचणी ठीक निवडलीत, पण ती १२० पानांवर लावू नका. ठिबक तुम्ही पानाला दिलं नाही, प्लॉटला दिलं. एका प्लॉटातली २० पानं एकाच मातीवर, एकाच ओलीवर वाढलेली; ती एकमेकांसारखी असणारच. त्यामुळे तुमचे खरे नमुने दोन्हीकडे ६. पानांनाच नमुने मानण्याच्या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट यांच्या १९८४ च्या लेखापासून हे नाव रुळलं. लेव्हीन चाचणीही नोंदी स्वतंत्र आहेत असंच धरून चालते, तेव्हा २४० पानांवरच्या तिच्या निकालाला फार किंमत देऊ नका.

आधी ४ पानांची सरासरी काढून झाडाचा आकडा मिळवा, मग ५ झाडांची सरासरी काढून प्लॉटचा. समजा ठिबकचे प्लॉट असे आले : ४२, ४३, ४१, ४२, ४४, ४०. कोरडवाहूचे : ३४, ४२, ३८, ४५, ३३, ४२. सरासरी ४२ आणि ३९, व्हेरियन्स २ आणि २३.२. फरक ३, त्याची प्रमाण त्रुटी (या फरकातली अनिश्चितता) २.०५, म्हणून टी, म्हणजे फरक भागिले त्रुटी, १.४६. वेल्चच्या सूत्रानं डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबामागे स्वतंत्र माहिती किती, त्याचं माप) साध्या टी-चाचणीतल्या १० वरून ५.९ वर येतात आणि पी (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.२ च्या आसपास. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आता हाच फरक १२०-१२० पानांवर तपासा. पानांचं प्रमाण विचलन ३ आणि ६ धरलं तर टी थेट ४.९! प्रबंधात हा आकडा दिसायला छान, पण परीक्षकानं ‘नमुने किती?’ विचारलं की संपलं.

एक्सेलमध्ये टी-टेस्टच्या फंक्शनला शेवटचा आकडा ३ द्या. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट मुळातच वेल्चची होते. लेव्हीन पाहून मग चाचणी ठरवायचा खटाटोप नको, सरळ वेल्चच लावा. प्लॉट ४ आणि ८ असे विषम असते आणि पसारा ४ च्या बाजूला असता, तर साध्या टी-चाचणीनं खोटा फरक वारंवार दाखवला असता.

सरासरी न काढता पान, झाड, प्लॉट या सगळ्या पातळ्या एकत्र हिशेबात घेणारं मिश्र मॉडेल वापरायचं असेल तर ‘आर’च्या ‘एनएलएमई’ पॅकेजमधलं ‘एलएमई’ फंक्शन घ्या. रँडम भागात प्लॉट आणि त्याच्या आत झाड. त्यातल्या ‘व्हारआयडेंट’ या पर्यायानं दोन्ही गटांना वेगळा व्हेरियन्स देता येतो, पण तो फक्त सर्वांत खालच्या, म्हणजे पानांच्या पातळीवर. वरच्या उदाहरणात पसारा प्लॉटाप्लॉटांत आहे. तिथं ‘व्हारआयडेंट’ पुरत नाही, प्लॉटचा व्हेरियन्सही गटागणिक वेगळा मागावा लागतो. आणि तो ६ प्लॉटांवरून डळमळीतच निघणार. म्हणून तुमच्यासाठी सरासरी आणि वेल्च हीच वाट बरी. तरी मॉडेल केलंच तर प्लॉटांना ठि१, को१ अशी वेगळी नावं द्या. दोन्हीकडे नुसतं १ ते ६ लिहिलंत तर संगणक ठिबकचा १ आणि कोरडवाहूचा १ एकच प्लॉट समजतो.

पसारा नेमका कोरडवाहूतच का, हेही पाहा. आपल्याकडे एकाच शिवारात कुठं भारी काळी, तर कुठं हातभरावर मुरूम. पाणी मिळालं की हा फरक झाकला जातो, उघडीप पडली की उघडा होतो. प्रत्येक प्लॉटात मातीची खोली मोजून स्पॅडसमोर आलेख काढा; तुमच्या प्रबंधातली खरी गोष्ट तिथंच सापडायची शक्यता जास्त.

एक खात्री मात्र आधी करा : ठिबकचे सहाही प्लॉट एका शेतात आणि कोरडवाहूचे दुसऱ्या शेतात तर नाहीत ना? तसं असेल तर नमुना दोन्हीकडे १ च उरतो, आणि त्याला वेल्चकडेही उपाय नाही.