उशी उचलण्याआधी

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू कुजबुजत म्हणालीस, "आई आता दुसऱ्या खोलीत झोपते." जणू घरात चोरी झालीय. त्यापुढे तुझ्या डोक्यात काय काय आलं असेल ते ओळखलं, म्हणून लिहितेय.

आई कुठे झोपते हे सोड. जाताना बाबांना सांगून गेली का, एवढंच विचार.

मी सांगून गेले नव्हते. 26 वर्षं तुझ्या काकांनी नि मी एका पलंगावर काढली, त्यातली शेवटची दहाएक मी अर्धवट जागीच. वय वाढलं की गाढ झोप कमी होते. मग ती मोडायला काहीही पुरतं. त्यांचं लघवीला उठणं, कूस बदलणं, आणि ते घोरणं! एका रात्री उशी-पांघरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेले. सकाळी ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मला वाटलं, सुटले. त्यांना वाटलं, हिनं मला टाकलं. हे कळायला मला सात महिने लागले. सात महिने! "मला झोप हवीय, तुमच्यावर राग नाही," एवढ्या एका वाक्याचं काम होतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. काकांचं घोरणं मध्येच थांबायचं, मग धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास. मधल्या त्या शांततेत मला जरा डोळा लागायचा. ती शांतता म्हणजे त्यांचा श्वास बंद पडलेला असायचा, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. दिवसा खुर्चीत पेंगायचे, तर मी आळशी म्हणायचे. घोरणाऱ्याला आपलं घोरणं कळत नाही, शेजारी झोपणाराच साक्षीदार. आणि तो साक्षीदार उशी घेऊन निघून गेला! तेव्हा बाबा घोरत असतील तर आईला विचार, श्वास मध्ये अडकतो का? अडकत असेल तर आधी डॉक्टर, मग खोली.

आता काका सीपॅपचा मास्क लावून झोपतात. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायची ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली मांडली. घोरणं संपलं.

"मग परत का नाही गेलीस?" विचारशीलच. मला पहाटे चारला जाग येते, दिवा लावून वाचायचं असतं. त्यांना सातपर्यंत अंधार हवा. आणि खरं सांगू? मला माझा पलंग आवडतो. स्वार्थ म्हण हवं तर. एवढी वर्षं जागून काढल्यावर तेवढा मला चालतो. रोज रात्री अर्धा तास त्यांच्या पलंगावर टेकते, गप्पा होतात, मग "जाते हं" म्हणून उठते. त्यांना पाठ झालंय, तरी रोज म्हणते. न सांगता एकदा गेले, तेवढं पुरे.

तू मात्र मध्ये पडून न्यायनिवाडा करू नकोस. पलंग त्यांचा आहे. आईला एकटी गाठ, "सांगून गेलीस का?" हा प्रश्न विचार, आणि उत्तर "नाही" आलं तर तिला माझ्याशी बोलायला सांग.

तुझी मावशी